प्याल्यातलं गुळाचं पाणी

लिहीन लिहीन म्हणत आठ दिवस घालवले. आळस तर आहेच, पण यावेळी पेन उचलायचीच भीती वाटत होती...

मी सध्या सेलूला आहे. निघालो होतो येलदरीचं धरण बघायला, तिथले मासे खायला... वाटेत इथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळालं आणि रत्नामावशींच्या ओसरीवर पथारी पडली. मावशी ख्रिस्ती. त्यांचे यजमान फार पूर्वीच्या मोठ्या दुष्काळात गेले. गेल्या रविवारी सहज त्यांच्यासोबत चर्चमध्ये गेलो. त्या दिवशी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी.

पण त्या दुष्काळात इथं द्राक्षरस कुठून येणार? तेव्हाच्या पाळकांनी प्रभुभोजनाच्या प्याल्यात गुळाचं पाणी ठेवलं. दुष्काळ सरला, रीत राहिली. ते पाणी मावशीच करून नेतात.

नवे पाळकसाहेब तरुण. त्यांनी प्याला हुंगला आणि खाली ठेवला. "भाकर शास्त्रात आहे, द्राक्षरस आहे. हे कुठं लिहिलंय?"

मला काही गप्प बसवेना. मागून म्हणालो, "साहेब, ही बाजाची पेटी तरी कुठं लिहिलीय?"

बाया पदराआड हसल्या. साहेब हसले नाहीत. "पेटी नसली तरी चालेल. पण भाकर आणि द्राक्षरस प्रभूनं स्वतः नेमून दिलेत. यात आपलं घालायचं नाही."

तेवढ्यात मावशी उठल्या.

"साहेब, येकच सांगा. माहे मालक दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता पडले, ते उठलेच न्हाईत. शेवटी त्यायला ह्येच पाणी पाजलं, प्रभूचं म्हणून. ते प्रभुभोजन धरायचं का न्हाई?"

साहेबांनी पुस्तक उघडलं... मिटलं. "मला वेळ द्या," एवढंच म्हणाले. त्या दिवशी प्रभुभोजन झालंच नाही.

तेव्हापासून मावशींना घास गोड लागत नाही. परवा मलाच विचारलं, "तू लय गावं हिंडलास, बाबा. तुला काय वाटायलंय?" एरवी माझं तोंड बंद नसतं... त्या दिवशी घागर उचलली आणि पाण्याला निघून गेलो.

शास्त्र मला कळत नाही. पण तहानेनं जीव जाणाऱ्याला त्या बाईनं होतं ते देवाच्या नावानं दिलं. त्याला खोटं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. आणि मी तिथं चेष्टा करत होतो, याची लाज वाटते.

थांबा... दारात पाळकसाहेब आलेत. एकटेच, भर उन्हात, हातात पुस्तकसुद्धा नाही. मावशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्यात. साहेब चपला काढून खाली जमिनीवर बसले आणि म्हणतात, "बाई, उत्तर अजून सापडलं नाही. आधी मला तुमच्या मालकांबद्दल सांगा."