ताईचा पंप माझ्या पर्समध्ये होता

माझ्या मोठ्या बहिणीच्या, ताईच्या, घरात पाहुण्यांसमोर दम्याचं नाव काढायचं नाही, असा दंडकच होता. तिचा पंप पाहुणे आले की पोह्यांच्या डब्यात जायचा. काहून? तर तिच्या पोट्टीचं लग्न व्हायचं आहे, घरात रोग आहे असं कोणी म्हणू नये! मलेही त्यात काही वावगं वाटलं नाही. डब्याचं झाकण मीच लावायची.

त्या पोट्टीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या, साक्षगंधात पंप माझ्या पर्समध्ये होता. भर दुपारी विहीणबाईंची ओटी भरता भरता ताईच्या छातीत धडधड सुरू झाली ती थांबेचना. समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात नेलं, तर मागोमाग विहीणबाईही आल्या, हातात ओटीचा नारळ घेऊन तशाच. मशीनवर ठोक्यांचा आकडा चढतच होता.

डॉक्टरीणबाई तरुण होती. इंजेक्शन भरता भरता तिनं विचारलं, "अस्थमा तो नहीं है? यह धड़कन उतारने वाला बीटा ब्लॉकर है, दमे वाले की साँस अटक सकती है."

भाऊजींनी विहीणबाईंकडे पाहिलं अन् म्हणाले, "नहीं नहीं मैडम, उरला की फैक्ट्रियों की धूल से थोड़ी खाँसी रहती है, बस."

अन् ताई? तिले बोलता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं. ती बाई नवऱ्याच्या खोट्याले मान डोलवून राहिली होती! माझं डोकंच फिरलं.

"दमा है! बरसों से है!" मी ओरडली. भाऊजींनी माझा दंड धरला, मी झटकला. पर्समधला पंप काढून ट्रेवर आपटला.

डॉक्टरीणबाईनं ते इंजेक्शन बाजूला ठेवलं. छाती पुन्हा तपासली, मशीनवर नजर ठेवून दुसरं औषध हळूहळू दिलं. मग भाऊजींना म्हणाली, "मैं शौक से नहीं पूछती."

तासाभरात धडधड उतरली. ताईनं माझा हात ओढला. म्हटलं, आता पाणी मागेल.

"विहीणबाईनं ऐकलं काय गं?"

मी इथं जीव मुठीत धरून बसली होती, अन् हिले सोयरिकीची पडली! "हव, ऐकलं," मी म्हटलं. "नारळ खुर्चीवर ठेवून गेल्या."

ती रडायले लागली. रडता रडता खोकला आला, दम लागला. मी पंप तिच्या हातात दिला. तर भाऊजी उठले, कोणी पाहू नये म्हणून पलंगाचा पडदा ओढायले.

"हात तर लावून पाहा त्या पडद्याले," मी म्हटलं.