उघडा पत्रा

आमच्या गाडीत माझी बायको बोलते. तिला जाऊन वर्ष होत आलं.

मला वाचायला वेळ लागतो, म्हणून कौसा फोनवर बोलून निरोप धाडायची. पोराने, महेशने, ते सगळे पेनड्राइव्हवर घेऊन गाडीच्या टेपला लावून दिले. रोज दुपारी रावेतच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एसी लावतो, सीट मागे टाकतो. डोळे मिटले की कौसा शेजारी. ओल्या केसांचा वाससुद्धा येतो. "अवो, येताना कोथिंबीर आणा." (परवा आणलीसुद्धा. सून बघतच राहिली.)

महेशने डिकीत नवा अ‍ॅम्प्लिफायर बसवला आणि इंजिन चालू केलं की स्पीकरमधून शिट्टी वाजायला लागली. एक निरोप ती असताना मी उघडलाच नव्हता. नेमका तोच शिट्टीत बुडाला. "अवो, तुमी ना..." आणि पुढं नुसतं कुईं. काय म्हणायचं होतं बाईला? (इंजिन बंद करून ऐकावं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच.)

गाडीचे टेप दुरुस्त करणाऱ्या भोसरीच्या सलीमभाईने डिकी उघडली. "चाचा, अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगची वायर रंगावर कसलीय, म्हणून शिट्टी. खाली लोखंड उघडं पाहिजे." पत्रा खरवडून चकचकीत केला, शिट्टी गेली. निरोप मी घरच्या पार्किंगमध्ये एकट्याने ऐकायचा ठरवला. असलं काही परक्यासमोर ऐकतात का?

पण जन्म माझा कंपनीच्या पेंट शॉपमध्ये गेला. उघडा पत्रा दिसला की मलाच थंडी वाजते. वायरचा बोल्ट सोडला, त्याखाली गंज न लागणाऱ्या लाल रेड ऑक्साईडचे दोन हात मारले, वाळवलं, बोल्ट परत कसला. शिट्टी परत.

"चाचा, हे लाल कुठून आलं?"

"गंज आसंल."

"गंजाला ब्रशचे केस चिकटतात व्हय?"

त्याने पुन्हा खरवडलं. मी पुन्हा रंगवलं, पण या खेपेला करडा. म्हटलं, लाल रंगाचाच दोष असेल.

शेवटी सलीमभाई पार्किंगमध्येच आला. खरवडलं, कसलं आणि माझ्या शेजारी बसून राहिला. "आता माझ्यासमोर लावा."

लावलं. कौसा अगदी कानाशी बोलली, "अवो, तुमी ना, दिसंल त्याला रंग फासत सुटता. मोरीचं दार ओलंच लावून घेतलंत, आता उघडंना. मी आत हाय. या लवकर."

सलीमभाईने नुसता हात पुढे केला. मी सीटखालचा ब्रश काढून दिला.

डबा मात्र अजून माझ्याकडेच आहे.