‘शुभं भवतु’च्या मागचे पान

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, संपली, त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतील ही हकीकत आहे. चांदा जिल्ह्यातील आमचे गाव तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारे. तलाव मालगुजाराचा होता, तो आता सरकारचा झाला. तेव्हा तालुक्याहून एक अधिकारी आले आणि त्यांनी सांगितले की, गावाच्या ज्या वहिवाटी असतील, म्हणजे पाण्याची पाळी, चराई, सरपण, मासोळी, त्या सर्व महिन्याभरात लेखी द्याव्या. लिहिलेले तेवढे नोंदले जाईल. उरलेले आपोआप सरकारचे.

गावात लिहिणारे तिघेच होतो. शाळेचे गुरुजी, मालगुजाराचे जुने दिवाणजी, आणि देवळात पुराण सांगणारा मी. माझे बालपण पाठशाळेत पोथ्या उतरवण्यात गेले होते. एका ग्रंथाच्या चार प्रती समोर ठेवून त्यांतील पाठ कसे जुळवावेत, हे मला ठाऊक होते. म्हणून या कामाची रीत मीच घालून दिली. पहिला मसुदा तयार झाल्यावर त्याची दुसरी प्रत केली. एक देवळातील माझ्या पेटीत राहिली, दुसरी शाळेत गुरुजींजवळ. माझी प्रत ती आदर्श. ज्याला जे बदलायचे असेल त्याने एकादशीला देवळात यावे, पंचांसमोर सांगावे, मी ते माझ्या प्रतीत घालीन आणि गुरुजी आपल्या प्रतीत उतरवून घेतील. दोन्ही प्रतींच्या शेवटी मी ‘शुभं भवतु’ लिहिले. त्यापुढे अक्षर नको, असे मी गुरुजींना बजावले होते.

ही रीत आरंभी उत्तम चालली. तलावाच्या तुडुमातून, म्हणजे पाणी सोडण्याच्या मोरीतून, पहिले पाणी कोणाच्या बांधीत, धानाच्या खाचरात, जावे, यावर दिवाणजींनी माझ्या प्रतीत एक लिहवले आणि गुरुजींनी आपल्या प्रतीत नेमके उलटे. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या, दोघा जुन्या शेतकऱ्यांना बोलावले, आणि तासाभरात शेवटच्या बांधीला पहिले पाणी हे ठरले. मी चुकीच्या ओळीवर हरताळाचा लेप दिला आणि वर नवीन ओळ लिहिली. पान पुन्हा स्वच्छ झाले.

गुरुजी ते पाहत होते. म्हणाले, “महाराज, खोडा, पण खालचं वाचता येईल असं खोडा. शेजारी तारीख घाला. उद्या कुणी विचारलं, आधी काय होतं, तर दाखवायला हवं.”

मी म्हणालो, “गुरुजी, शुद्ध पाठ हाती आल्यावर अशुद्धाची आठवण कशाला जपायची?”

ते हसले. “तुमचं म्हणजे मुलाला पाटी पुसायला लावून मग विचारायचं, बेरीज कुठं चुकली.”

मला ते आवडले नाही. शाळामास्तराने मला ग्रंथ शुद्ध करायला शिकवावे काय, असे मनात आले, आणि मी विषय बदलला.

आता मूळ प्रकरण सांगतो. मासोळीच्या कलमात दिवाणजींनी सांगितल्याप्रमाणे मी लिहिले होते : “तलावातील मासोळी व शिंगाडे मालगुजाराच्या हुकमाप्रमाणे.” ढिवरांचा, म्हणजे गावातल्या मासेमारांचा, म्होरक्या, साठीच्या पुढचा, सावळा आणि सडपातळ मनुष्य, एकादशीला आला. देवळाच्या पायऱ्यांखाली उभा राहिला. त्या काळी ढीवर पायऱ्या चढत नसत, आणि चढू नयेत असे मला वाटत असे, हे येथे लपवत नाही.

“महाराज, थे बराबर नाई जी,” तो म्हणाला. “तलावाची पाळ फुटली तं माती कोन टाकते? आमीच नं? त्याच्यासाठीच मासोळी आमची हाये. मालगुजाराले पयली टोपली, आन सालातून एक दिवस गावाले मोकळी. आमच्या आज्यापासून हेच चालून राह्यलं.”

दिवाणजी खांबाला टेकून बसले होते. “काऊन रे भाऊ, मालगुजारानं तुले कागद देल्ला होता का?”

“कागद असता तं इथी काऊन आलो असतो?”

पायरीवरची मंडळी हसली. दिवाणजी मात्र हसले नाहीत. मी म्हणालो, “पुढच्या एकादशीला पंच घेऊन ये, त्यांच्यासमोर लिहू.”

पुढच्या एकादशीला मीच गावात नव्हतो. वैनगंगेकाठच्या एका गावी सप्ताह होता, तेथे गेलो होतो. पेटीची किल्ली माझ्या कमरेला होती. परतलो तेव्हा गुरुजींची बदली सिरोंच्याकडे झाली होती आणि ते निघूनही गेले होते. त्यांची प्रत लाल फडक्यात बांधून माझ्या ओसरीवर ठेवलेली होती.

दोन दिवसांत स्वच्छ प्रत तयार करायची होती. दिवाणजी माझ्या प्रतीतून वाचत होते आणि मी लिहीत होतो. मासोळीचे कलम आले तेव्हा माझी लेखणी थांबली. “याचं पुढं काय झालं?” मी विचारले.

“मले नाई ठाऊक,” दिवाणजी म्हणाले. “मी नोयतो त्या दिवशी. गुरुजीच्या बाडात पाहा, असल तं असल.”

मी फडके सोडले. कलमाच्या जागी तीच जुनी ओळ होती, अक्षर न् अक्षर. पाने उलटली. शेवटच्या पानावर ‘शुभं भवतु’. तेथे मी थांबलो. पाठशाळेत आम्हांला शिकवले होते की, समाप्तीच्या पुढे जे असते ते ग्रंथाचे नव्हे. तेथे कोणी औषधाचा पाठ लिहितो, कोणी लेखणी चालते का ते पाहतो, कोणी आपले नाव टाकतो. शहाण्या लेखकाने तिकडे पाहू नये. मी पान पालथे केले नाही. पंचांना मान्य झाले नसावे, असे समजून जुनी ओळ सुवाच्य अक्षरात उतरवली. हा विचार करताना ढिवराला बोलावून विचारावे, असे एकदाही मनात आले नाही. त्याची झोपडी देवळापासून हाकेच्या अंतरावर होती.

स्वच्छ प्रत तालुक्याला गेली. दोन्ही मसुदे उरले. लिहिलेले पान पायाखाली येऊ नये, विस्तवात पडू नये, जीर्ण पोथीला जलसमाधी द्यावी, ही आमच्या घराची रीत. मी दोन्ही बाडे त्याच लाल फडक्यात बांधली, आत एक दगड ठेवला, हळदकुंकू वाहिले. तलावात खोल पाण्यात नेण्यासाठी डोंगा हवा होता. तो ढिवराचाच होता.

त्याने मला तलावाच्या मध्यावर नेले. वल्हे थांबवून म्हणाला, “इथी सोडा जी. उन्हाळ्यातबी इथी पुरूसभर पानी राह्यते.”

मी मंत्र म्हटला. गाठोडे सोडण्यापूर्वी त्याने विचारले, “महाराज, आमचं लिवलं नं त्यात?”

मी उत्तर दिले, “पंचांनी जे सांगितले तेच लिहिले आहे.”

वाक्य खरे आहे, असे मला वाटत होते. त्याने दोन्ही हात जोडले, गाठोड्याला नमस्कार केला आणि ते पाण्यात अलगद सोडायला मला हात दिला.

वर्षाने नोंदलेला कागद चावडीवर वाचला गेला. मासोळी मालगुजाराच्या हुकमाची. मालगुजार गेला, म्हणून हुकूम सरकारचा. तलाव ठेक्याने दिला गेला. ठेकेदार परगावचा होता, आणि त्याची माणसे कोठे उतरायची, काय जेवायची, हे सर्व दिवाणजी पाहत होते. ढीवर मजुरीवर ठेकेदाराची जाळी ओढू लागले.

मी गुरुजींना पत्र टाकले. त्यांचे कार्ड आले. अक्षर नेहमीसारखे गोल आणि स्वच्छ. त्यांनी लिहिले होते : आपली पेटी बंद होती, म्हणून मासोळीचे कलम मी माझ्या प्रतीत घेतले. ‘शुभं भवतु’नंतर लिहू नये अशी आपली आज्ञा होती, आणि पानावर जागाही नव्हती, तेव्हा शेवटच्या पानाच्या पाठीवर लिहिले. त्याखाली पाचही पंचांचे अंगठे आहेत. ते बाड जपून ठेवावे. आणि पुढे त्यांनी ते कलम जसेच्या तसे दिले होते.

ते कार्ड घेऊन मी पंचांकडे गेलो. एक वारला होता. दोघांनी, “आमाले आठवत नाई जी,” असे सांगितले. त्यांची माणसे ठेक्यावर होती. उरलेले दोघे आले, परंतु तालुक्याला दोघांच्या अंगठ्यांनी काम होईना. मी अर्ज लिहिले. प्रत्येक वेळी एकच उत्तर, मूळ लेख जोडावा.

मग ढिवराला सर्व सांगितले. पायऱ्या उतरून त्याच्या झोपडीशी गेलो, पहिल्यांदाच. तो जाळे विणीत होता. ऐकत राहिला, हात थांबले नाहीत. शेवटी म्हणाला, “डोंगा तं म्याच हाकलला, महाराज. खोल पानी कुठी हाये, थेबी म्याच दावलं.”

त्या उन्हाळ्यात तलाव फार आटला. तरी मध्यावर राहिलेल्या पुरूसभर, माणूस बुडेल एवढ्या पाण्यात त्याचे दोन मुलगे दोन दिवस बुड्या मारीत होते. ठेकेदाराची माणसे तलावाच्या पाळीवर, बांधावर, उभी राहून विचारीत होती, “का बे, हंडा गवसला का?”

तिसऱ्या दिवशी सकाळी तो देवळात आला. हातात लाल फडके होते, चिखलाने काळे झालेले. तो पायऱ्यांखाली थांबला नाही. एकेक पायरी चढून वर आला, आणि ते माझ्यापुढे फरशीवर ठेवले. मी गाठ सोडली. आत दगड होता आणि कागदाचा एक ओला गोळा. माझी काजळाची शाई पूर्ण गेली होती. गुरुजींच्या शाईचा निळसर डाग एका बाजूला पसरला होता. पान कोणते आणि पाठ कोणती, काही सांगता येत नव्हते.

“वाचा जी,” तो म्हणाला. “तुमाले येते वाचता.”

मी तो गोळा ओंजळीत धरला आणि गुरुजींच्या कार्डातले कलम पाठ झाले होते, ते म्हणालो : “तलावाची पाळ ढीवर राखतील. मासोळी व शिंगाडे ढिवरांचे. सालातून एक दिवस सर्व गावास मोकळी.”

तो मान खाली घालून ऐकत होता. “हो,” म्हणाला, “असंच होतं.” मग माझ्या ओंजळीतून तो गोळा घेतला, फडक्यात बांधला, दगड मात्र तेथेच ठेवला, आणि पायऱ्या उतरून ठेकेदाराची जाळी ओढायला गेला.