बारावा थांबा

सहलीचे थांबे ठरवायचं काम थेटमामांनी स्वतःहून मागून घेतलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनाच नवल वाटलं. चौतीस वर्षं त्यांनी लांब पल्ल्याची बस चालवली होती आणि डेपोत ते एकाच गोष्टीसाठी प्रसिद्ध होते. गाडी सुटली की ती मुक्कामाच्या स्टँडवरच थांबायची. मध्ये चहा नाही, पाणी नाही, पाय मोकळे करणं नाही. विनाथांबा गाडी कोणाला द्यायची, हा प्रश्न डेपोत कधी पडलाच नाही. थेटमामा हे नावही तिथलंच. ते पुढे घरापर्यंत आलं आणि नातवंडं आजोबा म्हणण्याआधी थेटमामा म्हणायला शिकली.

सहल चार दिवसांची होती, समुद्राकाठी. मुलाने नुकतीच सात जणांची गाडी घेतली होती. तो, सून, दोन नातवंडं, थेटमामा आणि त्यांची बायको, असे सहा जण जाणार होते. सून औषधांच्या दुकानात कामाला होती. तिची रजा मोठ्या मिनतवारीने मंजूर झाली होती. एका रविवारी जेवताना मुलगा सहज म्हणाला, की वाटेत एखाद्या ठिकाणी थांबायचं का ते ठरवायला हवं. बाबा आता 'कशाला थांबायचं?' म्हणणार, या खात्रीने त्याने सुनेकडे बघून हसूनही घेतलं. थेटमामा ताटातून मान वर न करता म्हणाले, "ते मी बघतो."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं उलटलेलं पान फाडून घेतलं, मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रस्ता आखला आणि आठवडाभर त्यावर वाकून बसले. बसले म्हणजे तरी काय, दहा मिनिटं बसायचे, उठायचे, आत जाऊन यायचे, परत बसायचे. जुन्या ओळखीच्या चहावाल्यांना फोन लावले. कोण आहे, कोण गेलं, कोणाचं दुकान मुलगा चालवतो, याची चौकशी केली. आणि फोन ठेवता ठेवता, सगळ्यात शेवटी, काही विशेष नाही अशा आवाजात, मागची सोय अजून आहे ना, पायऱ्या किती, कुलूप असतं का, हेही विचारून घेतलं.

पान तयार झालं तेव्हा त्यावर अकरा थांबे होते. तीनशे दहा किलोमीटरमध्ये अकरा. दुसरा थांबा एका बोलक्या बाईंच्या चहाच्या दुकानात, तिथे झाडाखाली बाकं आणि मागे बदकांचं तळं. चौथा एका रोपवाटिकेत. सहावा एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात. तिथे गाडी येत नव्हती, पण स्टेशन सांभाळणाऱ्या माणसाने प्रतीक्षालय झाडून ठेवलं होतं आणि लांब हातांच्या आरामखुर्च्या अजून शाबूत होत्या. नववा एका बेकरीत, तिथे भट्टीला लागून भिंतीच्या कडेने बसायला ऊबदार ओटा होता. प्रत्येक थांब्यापुढे मिनिटं लिहिली होती. नातवंडांनी बदकं आणि भट्टी ऐकून उड्या मारल्या.

प्रत्येक थांब्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता. काही भरीव, काही पोकळ. भरीव म्हणजे सपाटीवर आणि उघडी, पोकळ म्हणजे पायऱ्या चढून किंवा चावी मागून. ते ठिपके कसले, हे कोणी विचारलं नाही.

थेटमामांना दीड वर्षापासून दर चाळीस मिनिटांनी लघवीला जावं लागत होतं. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं, डॉक्टरलासुद्धा नाही. कुठे जायचं झालं तर आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडायचं, निघायच्या आधी दोनदा जाऊन यायचं, नेहमी दाराजवळची खुर्ची पकडायची, अशी त्यांनी आपली घडी बसवली होती. बाजारात कुठे सोय आहे हे त्यांना एखाद्या नकाशाइतकं पाठ होतं. डेपोतल्या जुन्या मंडळींचा दर गुरुवारचा अड्डा त्यांनी सोडला, कारण तो दोन जिने चढून एका गच्चीवर भरायचा. विचारलं की गुडघ्यावर ढकलायचे. आपला बाप एकदा सुटला की थांबत नाही, ही बढाई मारत मुलगा शाळेत मोठा झाला होता. आता त्याच्या गाडीत मागे बसून, दर अर्ध्या-पाऊण तासाला त्याच्या खांद्याला हात लावून 'जरा थांबव' म्हणायचं, हे मामांना नको होतं. थांबे आधीच कागदावर असले, तर मागायची वेळच येणार नव्हती.

मुलाने कागद वाचला आणि तो चकित झाला.

"बाबा, ही सहल आहे की जनगणना?"

त्याचं म्हणणं सरळ होतं. नवा रस्ता झाला आहे, दोन्ही बाजूंनी कुंपण घातलेला. मध्यावर एकदाच थांबायचं, साडेतीन तासांत समुद्र. जुन्या रस्त्याने सात तास जातील आणि चार दिवसांतले दोन गाडीतच संपतील. मामांनी बदकांची बाजू लावून धरली. मुलगा म्हणाला, बघू. हे 'बघू' कुठे जाणार हे मामांना कळत होतं. त्यांनीही आयुष्यभर प्रवाशांना तेच सांगितलं होतं.

म्हणून त्यांनी स्वतः जाऊन पहिले तीन थांबे बघून यायचं ठरवलं. एकेक जागा डोळ्यांसमोर उभी करता आली तर मुलाला पटवता येईल, असा हिशेब. डेपोत एका कागदाचं काम आहे असं घरी सांगून ते दुपारी बसमध्ये बसले. आदल्या संध्याकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. पहिलं स्टँड पस्तीस मिनिटांवर होतं. सगळं बेतात बसवलं होतं.

पंधरा मिनिटांनी रस्त्याचं काम लागलं. एका बाजूची वाहनं सोडायची, मग दुसऱ्या बाजूची. बस उभी राहिली, सरकली, पुन्हा उभी राहिली. मामांनी पाय जुळवले. घड्याळ बघितलं. समोरच्या सीटवरचे पितळी खिळे मोजले, डावीकडून सतरा, मग उजवीकडून. काम मागे पडलं तोवर पन्नास मिनिटं झाली होती आणि स्टँड अजून लांब होतं. बस वेगात निघाली, आणि प्रत्येक खड्डा त्यांना स्वतंत्रपणे कळू लागला. शेवटी ते उठले. दांडा धरत, एकेक सीट मागे टाकत पुढे गेले. चौतीस वर्षं त्यांनी लोकांना आपल्याकडे असं चालत येताना ऐकलं होतं. हे अंतर इतकं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

गाडी बाजूला घ्याल का, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. चालकाने मान वळवली नाही. तो समोर बघतच म्हणाला, "पंधरा मिनिटांत स्टँड येतंय. दम धरा."

वाक्य मामांचंच होतं. शब्द तेच, मधला थांबा तोच. मग त्यांनी चालकाची मान आणि कानामागचा मस ओळखला. तो त्यांच्या हाताखाली तयार झालेला होता, बारा वर्षांपूर्वी. प्रवासी उठून पुढे आला की आरशात बघायचं नाही, हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं. बघितलं की थांबावं लागतं.

"आरशात बघ," मामा म्हणाले.

त्याने बघितलं. "उस्ताद?" एवढंच म्हणाला, आणि बस एका बंद वजनकाट्याच्या आवारात घेतली.

मामा उतरून काट्याच्या खोलीमागे गेले. परत येताना त्यांना दिसलं की त्यांच्यामागे आणखी सात जण उतरले होते. एक म्हातारी. लेकराला कडेवर घेतलेली एक बाई. फाइल काखेत धरलेला एक जाडजूड गृहस्थ, जो सगळा वेळ झोपल्यासारखा दिसत होता. दोन मुली एकमेकींना आडोसा देत भिंतीकडे गेल्या. यांतल्या एकानेही तोंड उघडलं नव्हतं. मामा दाराशी उभे राहून सगळे परत येईपर्यंत थांबले. अठ्ठेचाळीस सीटच्या गाडीत सात. मग त्यांच्या डोक्यात चौतीस वर्षं सुरू झाली आणि त्यांनी ती घाईघाईने बंद केली.

एक गोष्ट मात्र बंद होईना. लग्नानंतर पाचव्या वर्षी बायको एकदाच त्यांच्या गाडीतून आली होती, मुलाला मांडीवर घेऊन, पहिल्याच सीटवर. लांब पुलापलीकडच्या पाण्याच्या टाकीजवळ तिने थांबायला सांगितलं होतं. त्यांनी तेच उत्तर दिलं होतं. आरशात बघितलं नव्हतं. मुक्कामाला सगळे उतरल्यावर ती शेवटी उतरली होती, भर उन्हाळ्यात शाल कमरेला गुंडाळून. नंतर ती पुन्हा कधी त्यांच्या गाडीत बसली नाही. मला गाडी लागते, असं ती सगळ्यांना सांगायची. इतकी वर्षं मामाही लोकांना तेच सांगत आले होते.

ते तिन्ही थांबे न बघताच पुढच्या स्टँडवरून परत फिरले.

संध्याकाळी घरी पोचले तर मुलाने निकाल लावून टाकला होता. नवा रस्ता, मध्ये एकच थांबा, तिथल्या जेवणाचं टेबलही राखून ठेवलं होतं. नातवंडांना बदकांऐवजी त्या ठिकाणच्या घसरगुंडीचं आमिष दाखवून झालं होतं. मामा दाराजवळच्या खुर्चीवर बसले. उठले. खिडकीपर्यंत गेले, परत आले. मी घरीच राहतो, तुम्ही जाऊन या, असं म्हणायचं त्यांनी बसमध्ये ठरवलं होतं. गुडघ्याचं कारण तयार होतं. सून चहा घेऊन आली, तो त्यांनी नेहमीप्रमाणे बाजूला ठेवला, आणि तिने तो नेहमीप्रमाणे पाहिला.

"मला दर चाळीस मिनिटांनी उतरावं लागतं," मामा म्हणाले. "लघवीला. थांबे त्यासाठी होते."

मुलाने हातातला फोन पालथा ठेवला. सुनेने मात्र दुकानातल्या आवाजात विचारायला आणि एका चिठ्ठीवर टिपायला सुरुवात केली. किती दिवस झाले, जळजळ होते का, रात्री किती वेळा उठता, धार बारीक झाली आहे का. तिच्या काउंटरवर या वयाची माणसं रोज येतात आणि गर्दी कमी होईपर्यंत खोकल्याच्या गोळ्या बघत उभी राहतात, असं ती म्हणाली. यावर उपचार आहेत, पाणी तोडणं मात्र साफ चूक, आणि सोमवारी ती त्यांना डॉक्टरकडे नेणार आहे. मामांनी मान हलवली. दीड वर्षाचं ओझं पाच मिनिटांत त्या चिठ्ठीवर उतरलं, याचा त्यांना थोडा रागच आला.

मग बायको बोलली. ती इतका वेळ भिंतीशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"म्हणजे ते माझ्यासाठी नव्हते."

कोणाला काही कळलं नाही. मामांना कळलं. आठवडाभर ती अकरा थांब्यांचा कागद येता-जाता बघत होती. शेजारणीला तिने सांगितलंही होतं, की आमच्या ह्यांना उशिरा का होईना सुचलं, मला गाडी लागते म्हणून एवढे थांबे काढलेत. आता तिने हातातली घडी मोडून पुन्हा घातली. खोटं बोलायला ही चांगली संधी होती. दोन-तीन थांबे तुझ्यासाठीच होते, असं म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं. पण मामांनी दुपारी सात जण मोजले होते.

"नव्हते," ते म्हणाले. "तुझी आठवण मला आज झाली. टाकीजवळची. मी बघायला हवं होतं."

मुलाने आईकडे बघितलं, कुठली टाकी म्हणून. ती उठली, कपाटावरचा कागद काढून तिने टेबलावर पसरला आणि मामांच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली. तिचं बोट रस्त्यावरून हळूहळू सरकत गेलं. सातवा थांबा, मग पूल. पुलाच्या पुढे तिने एक गोल काढला.

"इथे," ती म्हणाली.

"अगं, तिथे काहीच नाही. टपरी नाही, सावली नाही. माझ्याही कामाचं नाही."

"तेव्हाही नव्हतं."

मुलगा म्हणाला, की जुन्या रस्त्यानेच जायचं असेल तर पहाटे लवकर निघावं लागेल, आणि ते राखून ठेवलेलं टेबल रद्द करायला तो फोन घेऊन बाहेर गेला. नातवंडांमध्ये बदकं परत आल्याची बातमी पसरली. मामांनी कागद स्वतःकडे ओढला. बाकी अकरा थांब्यांपुढे मिनिटं होती, या गोलापुढे जागा कोरी होती. अशी कोरी जागा त्यांना बघवेना. पेन्सिल परत घेऊन त्यांनी विचारलं, इथे किती लिहू, पाच पुरतील का.

"लिहू नका," बायको म्हणाली. "कधी निघायचं ते मी सांगेन."

मामांनी पेन्सिल खाली ठेवली, आणि त्यांना जायचं होतं म्हणून ते उठून आत गेले.