म्हादू गाडीवानाचा निकाल

कुंभारवाड्याच्या अंगाला म्हादू गाडीवान राहत असे. मुके सिनेमे तंबूत दाखवायचे त्या काळातली, एकोणीसशे अठ्ठावीस-एकोणतीस सालची ही गोष्ट. रानातला बांबू गाडीत घालून म्हादू महिन्यातून एकदा बेळगावला जाई, आणि येताना मीठ, गूळ, मिरची आणि एका सिनेमाचा निकाल घेऊन येई. मिठावाचून गावानं आठ दिवस काढले असते. निकालावाचून चैन पडत नसे.

तो देवळाच्या कट्ट्यावर टेकला की प्रश्न ठरलेला. "कसा हाय खेळ?"

म्हादू घाई करत नसे. आधी पानाला चुना लागे. मापं त्याची गाडीवानाचीच. "बैलं न सोडताच पळत सुटावं, असला हाय," ही सगळ्यात वरची पावती. मधल्या खेळाला, "बैलं पाण्यावर नेऊन मग गेलासा तरी चालंल." आणि पडेल खेळाला, "त्यापरीस बैलं रवंथ करत्यात ती बघत बसा."

एका राजाच्या खेळाला त्यानं पार आडवं केलं होतं. "डाव्या हातानं तलवार उपसतोय! लढाय चाललाय का गवत कापाय?" एका देवीच्या खेळाला तर त्यानं कानाला हात लावले. "देवी डाव्या हातानं आशीर्वाद देती. आमची म्हातारी चिडली तरी उजव्यानं देती." गावातलं कोणी त्या खेळाला गेलं नाही. तसं एरवीही कोणी जात नसे, पण आता न जायला कारण मिळालं.

"आन् तू बसतास कुठं रं?" लक्ष्मण विचारी. लक्ष्मण म्हणजे कट्ट्यावरचा खोडकर.

"कुठं म्हंजे? खुर्चीवर. म्होरं."

गावात गुणा नावाचा भातशेती करणारा एक म्हातारा होता. बोलणं कमी, राग जास्त. त्याचा मुलगा वासू चार वर्षांमागं बापाशी भांडून कोल्हापूरला गेला आणि सिनेमाच्या कंपनीत लागला. त्या वर्षी त्याचा निरोप आला: नव्या खेळात माझं काम आहे, बघा. आणि होळीला, शिगम्याला घरी येऊ का?

गुणानं जन्मात बेळगाव बघितलं नव्हतं. तो म्हादूला म्हणाला, "तू बघून ये. मग ठरवतो."

म्हादू बघून आला. कट्टा भरला होता, गुणा खांबाला टेकून उभा होता.

"वासू दिसला?"

"दिसला की. अंगानं भरलाय. पण..." म्हादूनं पान तोंडात सारलं. पणच्या पुढं थोडं थांबायचं असतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "खेळात बाप मराय टेकलाय. वासू लोटी घेऊन येतोय, आन् बापाच्या तोंडात पाणी घालतोय. डाव्या हातानं."

कट्ट्यावरच्या माना गुणाकडं वळल्या.

"नीट बघितलंस?" गुणा म्हणाला.

"मामा, म्होरं खुर्चीवर बसून बघितलंय. ह्या डोळ्यांनी."

गुणानं खांबावरची पाठ काढली. "मग फुडल्या खेपेला त्याला कळव, शिगम्याला येऊ नको म्हणून. मला पाणी घालायला माझी फुला हाय." फुला म्हणजे त्याची मुलगी. ती तिथंच होती.

पुढच्या खेपेला म्हादूनं निरोप पोचवला. वासूचे निरोप ज्या दुकानातून येत, त्या दुकानदारानं त्याच्यासमोर पत्र लिहिलं आणि टपालात टाकलं. मग संध्याकाळी म्हादू तंबूकडं वळला. तोच खेळ अजून चालू होता. आणखी चार गोष्टी टिपल्या तर कट्ट्यावर उपयोगी पडतील, असा त्याचा हिशेब.

म्हादूची नेहमीची जागा खुर्ची नव्हती. ती होती पडद्याच्या मागच्या अंगाला, जमिनीवर. पडदा पाण्यानं भिजवत, त्यामुळं चित्र आरपार दिसे आणि तिकीट निम्मं. मागं बसणारे चिक्कार होते, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. खुर्ची सांगून लाज त्यानं आपणहून घरी आणली होती. पडद्यावरची अक्षरं पुढचा एक माणूस मोठ्यानं वाचे. म्हादूला वाचता येत नव्हतं, त्यामुळं अक्षरं सुलट की उलट हा प्रश्नच नव्हता.

त्या दिवशी मागं पाय ठेवायला जागा उरली नाही. दारवाल्यानं त्याला पुढं ढकललं.

खेळ त्या जागी आला. बाप अंथरुणावर, वासू लोटी घेऊन वाकला, आणि त्यानं बापाच्या तोंडात पाणी घातलं. उजव्या हातानं.

"खेळ बदलला काय हो?" म्हादूनं शेजारच्याला विचारलं. "गेल्या खेपंला डावा हात हुता."

शेजारचा हसला. "मागं बसलावता व्हय? मागनं सगळंच उलटं दिसतंय, पाव्हणं!"

म्हादूची कानशिलं तापली. एकेक खेळ त्याच्या डोळ्यांपुढून गेला. राजा डावरा नव्हता. देवीनं उजव्याच हातानं आशीर्वाद दिला होता. देवीला नारळ फोडून भागलं असतं. गुणामामापुढं काय फोडायचं?

सकाळी तो दुकानात धावला. पत्र कालच गेलं होतं.

घरच्या वाटेवर त्यानं एक थाप जुळवली, आणि गाडी सोडायच्या आधी गुणाच्या दारात जाऊन सांगितली. "मामा, कंपनीनं चूक सुधारलीया. आता उजवा हात हाय."

सुपात तांदूळ पाखडणारी फुला थांबली. "म्हादूकाका, खुर्चीवरनं दिसलं व्हय हे?"

म्हादूनं मान खाली घातली ती घातलीच. मग खालीच बघत सगळं सांगितलं.

गुणा म्हणाला, "हे मला नगं सांगू. निकाल कट्ट्यावर दिलावतास."

कट्ट्यावर म्हादूनं आपला पंचा भिजवून दोन खांबांना बांधला. फुलानं कोळशानं त्यावर माणूस काढला. डोळे, नाक, उजव्या हातात लोटी. माणसं एकेक करून मागच्या बाजूला जाऊन आली. मागून बघावं तर तेच डोळे, तेच नाक, आणि लोटी डाव्या हातात.

"मी हितं बसत हुतो," म्हादू पंच्यामागं उभा राहून म्हणाला. "खुर्चीवर कवाच न्हाई."

"आरं तुझ्या! राजाला फुकटचा डावरा केलास की रं!" लक्ष्मण ओरडला आणि कट्टा हसून लोळला. म्हादूला ते हसणं चाललं असतं. गुणा हसत नव्हता, हे चालत नव्हतं. त्यानं एक थोबाडीत दिली असती तरी बरं वाटलं असतं.

"मामा, पत्र गेलंय."

"उद्या गाडी जुंप," गुणा म्हणाला.

वाटेत तीन दिवस दोघं बैलांशीच बोलले. बेळगावात म्हादूनं गुणाला पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः बाहेर बैलांपाशी थांबला. आत जायला पाय उचलेना.

खेळ सुटला. गुणा डोळे पुसत बाहेर आला, गाडीच्या चाकाला धरून उभा राहिला.

"उजवाच हाय रं," तो म्हणाला. मग चाकावरचा हात काढून, "कोल्हापूरची वाट ठावं हाय तुला?"

"इचारत जाऊ, मामा."

"व्हय. इचारतच जा आता."

म्हादूनं बैल जुंपले. डाव्या अंगाला कोणता आणि उजव्या अंगाला कोणता, हे त्यानं दोनदा पुढं येऊन बघून घेतलं.