आभाळे जमिनीवर

बांधकामावर सगळे त्याला आभाळे म्हणत. आडनाव वेगळंच होतं. पण एकदा उंच क्रेनच्या केबिनमध्ये चढला की हा गडी जेवायलाही खाली उतरत नसे, म्हणून हे नाव चिकटलं.

पहिली कळ आली दात घासताना. उजव्या गालात विजेची तार खुपसावी तशी. दुखणं दाताचं समजून त्याने चांगली दाढ उपटून घेतली, तरी कळ कायम. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, "चेहऱ्याची नस बिघडलीय. दाढ बिचारी फुकट गेली."

गोळी सुरू झाली. कळा कमी झाल्या, पण डोकं जड राहू लागलं. डोस वाढला, आणि एका सकाळी सळ्यांचा भारा हवेत असताना आभाळेला एकाच्या जागी दोन हुक दिसले. एक डोळा मिटून, जीव मुठीत धरून त्याने भारा उतरवला. कुणाला काही कळलं नाही.

त्या दिवसापासून त्याने आपल्याच मनाने गोळी बंद केली. मग कळा परतल्या; गालाला वाऱ्याची झुळूक लागली तरी कळ उठे. भारा हवेत असताना कळ आली आणि हाताला हिसका बसला तर? इकडे आड, तिकडे विहीर.

तो पाणीसुद्धा मान वाकडी करून पितोय, हे बायकोने पाहिलं.

"गोळी घेता ना?"

"घेतो की."

"मग पाकीट भरलेलं कसं?"

त्याने पाकीट उचलून खिशात घातलं.

"अहो, वर तुम्ही एकटे असता. खाली कुणाकुणाची लेकरं असतात."

दोघं डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर आधी रागावले. अशी गोळी एकदम सोडायची नसते. मग म्हणाले, "दुसरी गोळी आहे. झापड कदाचित कमी येईल, पण रक्तातलं मीठ उतरू शकतं, तपासत राहावं लागेल. नाहीतर कानामागून ऑपरेशन."

"आणि क्रेन?"

"गोळी मानवेपर्यंत नाही."

त्याने मुकादमाला सगळं सांगितलं, दोन हुकांसकट. मुकादमाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "खाली राहून इशारे दे. आता तुला भुयारे म्हणायचं का?"

नवी गोळी बरीचशी मानवली. ऑपरेशनचं नाव काढलं की मात्र तो विषय बदलतो. गालाला मफलर गुंडाळून तो वायरलेसवर वरच्या ड्रायव्हरला सांगत असतो, "सावकाश... अजून थोडं." मध्येच थबकतो, श्वास रोखतो. कळ येते की नाही याची वाट बघतो, आणि मग पुढचं बोलतो.