उभ्या गाडीचा कोड

असले अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर भरपूर खेचली आहे, त्यामुळे आज तुम्ही माझी खेचलीत तरी तक्रार नाही. बोईसरच्या एका कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंटेशनचं काम बघतो. दिवसभर सेन्सर तपासायचे, बिघडलेले बदलायचे. आमचा हिशोब सरळ असतो — एकतर सेन्सर चुकतोय, नाहीतर मशीन. तिसरं काही नसतं... असं मी नव्या लोकांना ठणकावून सांगायचो.

मी मूळचा जळगावकडचा, राहायला तारापूरला. वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, आठवा महिना लागला होता आणि दवाखाना पालघरचा. ऐनवेळी रिक्षा शोधत फिरायला नको म्हणून जवळच्या दांडी गावच्या जितेशकडून जुनी गाडी घेतली. गाडी जितेशच्या नावावर, पण चालवायचे त्याचे वडील, नाना. नाना एकेकाळचे तांडेल, बोटीवरच्या माणसांचे म्होरके. सौदा झाला तेव्हा ते अर्धांगाच्या झटक्यानं दवाखान्यात होते.

पहिल्याच आठवड्यात कामावरून येताना इंजिनचा पिवळा दिवा लागला, गाडीनं गचके दिले आणि बंद पडली. थोड्या वेळानं चावी फिरवली तर सुरू, जसं काही झालंच नाही. मग हे वरचेवर व्हायला लागलं, आणि नेमकं संध्याकाळीच. स्कॅनर लावला की बिघाडाचा कोड एकच — इंजिनचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरचा. सेन्सर बदलला. वायरिंग बदललं. अर्थिंग घासूनपुसून लख्ख केलं. शेवटी गॅरेजवाल्यानंही हात टेकले. "सर, गाड़ी में कुछ है ही नहीं," म्हणाला.

मला मात्र वेगळंच काहीतरी खटकत होतं. कोड लागतो त्या क्षणी गाडी कशी चालली होती, याची नोंद गाडीचा कॉम्प्युटर ठेवतो. मी चांगला वेगात असायचो, आणि नोंद म्हणायची — वेग शून्य, इंजिन चालू. म्हणजे गाडीच्या मते ती कुठेतरी उभी होती, इंजिन चालू ठेवून. वेगाचा सेन्सर तर वेगळा, तोही तपासला, एकदम ठणठणीत. दर वेळी हेच. खरं सांगतो, माझं डोकं चालेना.

वैशाली घाबरली होती. "रस्त्यात बंद पडली आणि मला कळा सुरू असल्या तर? मी या गाडीतून दवाखान्यात जाणार नाही," असं तिनं स्पष्टच सांगितलं. तिचं बरोबरच होतं. मी चिडून रविवारी सकाळी, गाडी धड चालते त्या वेळी, तिला घेऊन दांडीला गेलो, गाडी परत घे म्हणून सांगायला.

जितेश अंगणात जाळं दुरुस्त करत होता. मी रागारागानं सगळं सांगितलं. वेग शून्य, इंजिन चालू, हे ऐकल्यावर त्याचे हात थांबले.

"दादा, माझा मोठा भाऊ बोटीवर गेला तो परत आलाच नाय," तो हळू आवाजात म्हणाला. "तवापासून बाबा रोज सांजेला किनाऱ्याच्या वळनावर गाडी उभी करून बसायचे. इंजिन चालूच. आमी बोललो, बंद तरी करा. तर म्हनायचे, पोर भिजून येल, कुडकुडत येल, लगेच घरी न्यायला पायजे. मला बघवत नव्हतं. ते दवाखान्यात असताना मीच विकली."

"त्यांना सांगितलं नाहीस?"

"नाय. आमी होडी विकली तरी जुना धनी तिला हात लावून सांगते, आता तू त्यांची. गाडीला कोन सांगते?"

मी भांडायला आलो होतो, ते विसरूनच गेलो.

दवाखान्यातून घरी आलेले नाना ओटीवर बसून सगळं ऐकत होते. एक हात लुळा, जीभ जड, पण शब्द कळत होते. जितेशच्या आधारानं ते गाडीपाशी आले. आधी वैशालीकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं. मग चांगला हात बॉनेटवर ठेवला.

"आता नको थांबू," ते गाडीला म्हणाले. "तो नाय येत. हिला घेऊन जा."

जितेशनं तोंड फिरवलं. वैशाली तर तिथेच रडायला लागली. गाडी परत द्यायचं कुणी बोललंच नाही.

त्यानंतर तो कोड आला नाही. वैशालीला भर दुपारी कळा सुरू झाल्या, गाडीनं आम्हाला वेळेत पालघरला पोचवलं, मुलगी झाली. कुठलं तरी कनेक्शन आपोआप बसलं असेल, असं मी कारखान्यात सांगतो. पण चालत्या गाडीनं शून्य वेग कसा नोंदवला, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

मध्यंतरी मुलीला दाखवायला दांडीला गेलो. नानांना पुढच्या सीटवर बसवलं आणि त्यांच्याच सांगण्यावरून गाडी त्या वळणावर उभी केली. समोर बोटी किनाऱ्याला लागत होत्या. मी मुद्दाम इंजिन चालू ठेवलं. नाना बराच वेळ समुद्राकडे बघत राहिले, मग मागे वैशालीच्या मांडीवर झोपलेल्या पोरीकडे वळून बघितलं.

"बंद कर रे," म्हणाले, "उगाच पेट्रोल जलते."